एका ‘डांके’मुळे उपाशी

ताई, मी १६ वर्षांची आहे, नाशिकच्या इंदिरानगरची. ऑगस्टच्या शेवटी एक्स्चेंज कार्यक्रमातून दहा महिन्यांसाठी उत्तर जर्मनीतल्या एका छोट्या गावात आले. मी राहते त्या घरात आई, बाबा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. माणसं वाईट नाहीत. पण संध्याकाळी साडेसहाला थंड ब्रेड आणि चीज, एवढंच जेवण. मी एक स्लाइस घेते. होस्ट आई ‘आणखी देऊ?’ विचारते, मी हसून ‘डांके’ (धन्यवाद) म्हणते, की ती लगेच टोपली उचलते. परत कोणी विचारत नाही. मग खोलीत येऊन आईने बांधून दिलेला चिवडा खाते, तोही संपत आलाय. बाथरूमच्या आरशावर माझ्यासाठी चिठ्ठी लावली आहे: अंघोळीनंतर फरशी पूस, खिडकी उघड. ते फार लागलं मला. सगळ्यांच्या खोल्यांची दारं बंद असतात. मी नाव घेऊन हाक मारावी असं होस्ट आई म्हणते, माझ्या तोंडून नाव निघत नाही. आई रोज रात्री फोन करते, मी रडते, ती म्हणते, जमत नसेल तर परत ये. दिवाळी तोंडावर आली आहे. घर बदलून मागू का? की परतच येऊ?

*

अगं, बाकी सगळं नंतर. आधी हे वाच, म्हणजे आज रात्री तरी पोटभर जेवशील.

जर्मनीत कुणी वाढायला पुढे आलं आणि तू नुसतं ‘डांके’ म्हणालीस, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असाच होतो. हवं असेल तर ‘या, गेर्ने’ म्हणायचं, म्हणजे ‘हो, आवडेल’. तेवढं जमलं नाही तर ‘या, बिटे’, म्हणजे ‘हो, प्लीज’. टोपली पुढे आली की ‘या, गेर्ने’. ती हातात मिळाली की मग ‘डांके’. इतके दिवस त्या बाई टोपली उचलत होत्या त्या तुझं ऐकून. त्यांच्या लेखी एक पोरगी रोज गोड हसून ‘मला पुरे’ सांगते आहे. भूक असताना कुणी पुरे कशाला म्हणेल, असं त्यांना वाटत असणार.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या आमच्या घरी अशाच एका कार्यक्रमातून एक जर्मन मुलगी राहायला आली होती, तुझ्याच वयाची. तेव्हा सासूबाई होत्या. त्या विचारायच्या, ‘पोळी वाढू?’ ती हसून म्हणायची, ‘धन्यवाद.’ सासूबाई खूश. पोरगी किती गोड बोलते म्हणून अर्धी सोडून अख्खी पोळी, वर तुपाची धार. ताटात टाकायचं नाही हे तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं, त्यामुळे ती मुकाट्याने खायची. तीन आठवडे असं चाललं. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली, एक हात पोटावर, डोळे भरलेले. म्हणाली, ‘मी रोज धन्यवाद म्हणते, तरी आजी का वाढतात?’ माझे हात पिठातच राहिले. आमच्या घरी तिला धन्यवाद म्हणून अपचन झालं आणि तू तिच्या देशात डांके म्हणून उपाशी राहिलीस.

आता यामागची गोष्ट समजून घे, कारण ती ताटापुरती नाही. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे खरं नको नसतंच. कुणाच्याही घरी गेलं की चहाला आधी नको म्हणायचं, मग त्यांनी ‘असं कसं, अर्धा कप तरी’ म्हणायचं, मग आपण ‘बरं, अगदी थोडा’ म्हणायचं. तिसऱ्या वेळेला खरं उत्तर. आपल्या आया-आज्यांनी हे इतकं अंगात मुरवलंय की आपण आग्रहाची वाट बघतोय हे आपल्यालाही कळत नाही. आणि आग्रह झाला नाही की वाटतं, यांना आपण नकोसे आहोत. तू ज्या घरात आहेस तिथे ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा विचारणं हे समोरच्याच्या शब्दाचा मान न राखल्यासारखं वाटतं. त्या बाई तुझा मान राखत होत्या आणि तुला ते परकेपण वाटत होतं. म्हणून पुढचे आठ महिने एवढं पाळ: जे खरं असेल ते पहिल्यांदा विचारल्यावरच सांग. भूक आहे, थंडी वाजते, कळलं नाही, आज घरची आठवण येते, मला हे आवडत नाही. सगळं पहिल्याच वेळी. सुरुवातीला ते उद्धट वाटेल, कारण तुझ्या कानाला तशी सवय नाही. त्यांना ते सरळ वाटेल.

जेवणाचंही नीट बोल. जर्मनीत बऱ्याच घरांत संध्याकाळचं जेवण म्हणजे ब्रेडच. त्याला ते ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, शब्दशः संध्याकाळची भाकर. गरम जेवण दुपारी झालेलं असतं. तेव्हा शाळेतून आल्यावर किंवा शाळेत जे गरम मिळतं ते भरपूर खा. आपण दुपारी डब्यावर भागवतो आणि रात्री घरी व्यवस्थित जेवतो, तू अजून त्याच हिशोबाने चालली आहेस. तू शाकाहारी आहेस की नाही ते लिहिलं नाहीस. असशील तर ‘शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नकोस. त्यांच्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. मऊ गोळ्या आणि जेलीच्या मिठाईत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात. काय चालतं आणि काय नाही हे एका कागदावर लिहून होस्ट आईच्या हातात दे. तुला चिठ्ठीचा राग आला ना? तूही एक चिठ्ठी दे, मग बघ ती किती आनंदाने फ्रिजवर लावते.

आता ती आरशावरची चिठ्ठी. आपल्या बाथरूममध्ये मोरी असते, उतार असतो, बादलीभर पाणी सांडलं तरी वाहून जातं. तिकडच्या घरांत बाथरूमच्या फरशीला बहुधा जाळी नसतेच. सांडलेलं पाणी तिथेच राहतं, फटींत मुरतं, खालच्या छताला ओल येते. आणि थंडीच्या दिवसांत बंद घरात वाफ कोंडली की भिंतींना काळी बुरशी धरते, म्हणून अंघोळ झाली की खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची. हे ते स्वतःच्या मुलांनाही सांगतात, फक्त मुलांना लहानपणापासून सांगत आले म्हणून आता लिहावं लागत नाही. तुला तोंडावर सांगून चारचौघांत लाजवण्यापेक्षा त्यांनी लिहून ठेवलं असावं. जाऊन म्हण, ‘आमच्याकडे फरशीतून पाणी जातं, म्हणून मला माहीत नव्हतं. आता पुसते.’ दोन वाक्यांत विषय संपेल. आमच्या त्या मुलीला मी महिनाभर ‘बाथरूममधून ओल्या पायांनी येऊ नकोस’ हे सांगितलंच नव्हतं, मनातल्या मनात चिडायचे फक्त. तिने नंतर विचारलं, ‘मग सांगितलं का नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. न सांगता चिडून राहण्यापेक्षा चिठ्ठी लावणारी बाई मला केव्हाही बरी वाटते.

बंद दारांचंही तसंच आहे. आपल्या घरात दिवसाढवळ्या दार लावून कुणी बसलं की आई विचारते, ‘काय झालं, कुणी काही बोललं का?’ तिकडे बऱ्याच घरांत आतली दारं सवयीनेच लावलेली असतात, ऊब राहावी म्हणूनही. दार वाजवायचं, ‘ये’ म्हटलं की जायचं. रुसवा-फुगवा काही नाही. पण तू तासन्तास स्वतःचं दार लावून फोनवर मराठीत बोलत असलीस, तर त्याचा अर्थ तेही काढणारच, की हिला आमच्यात यायचं नाही. अभ्यास खाली जेवणाच्या टेबलावर कर. काही बोलली नाहीस तरी चालेल, दिसत राहा.

कचऱ्याचे चार-पाच डबे, रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज न करणं, रविवारी दुकानं बंद, हे महिन्याभरात अंगवळणी पडेल. घंटागाडीत ओला-सुका वेगळा देणारी पोरगी आहेस तू, त्याची मला चिंता नाही.

नावाने हाक मारायचं मात्र तुला जड जाणार, आणि ते साहजिक आहे. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे: ‘डू’ आणि ‘झी’. त्या बाईंनी तुला ‘डू’ म्हण, नाव घे, असं सांगितलं, तेव्हा तुला तो वडीलधाऱ्यांचा अपमान वाटला असणार. पण एक आठव. आपण बाबांना ‘अहो बाबा, तुम्ही’ म्हणतो आणि आईला ‘अगं आई, तू’. आईचा मान कमी असतो म्हणून? आपण जिच्या सगळ्यात जवळ असतो तिला आपण ‘तू’ म्हणतो. त्या बाईंनी तुला तेच ‘तू’ देऊ केलंय. घे ते. आधी एकटी असताना चार वेळा नाव उच्चारून बघ, मग एखाद्या सकाळी नाव घेऊन म्हण, ‘मी काय करू?’

हा ‘मी काय करू?’ फार मोलाचा आहे, पण रोज विचारत बसू नकोस. घरातलं एक काम नाव घालून मागून घे. जेवणानंतरचं टेबल आवरणं, डिशवॉशर रिकामा करणं, धाकट्याला गणितात मदत, काहीही, फक्त ते तुझं असू दे, रोज असू दे. आमची ती मुलगी दीड महिना पाहुणीच होती. सासूबाई तिला ताटही उचलू द्यायच्या नाहीत. तीच एक दिवस म्हणाली, दूध मी आणते. मग रोज सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या डेअरीत जायची, पिशव्या घेऊन यायची, सुटे पैसे मोजून डबीत टाकायची. डिसेंबरातली आपली नाशिकची थंडी तुला माहीत आहे, निफाडचा पारा एक आकड्यावर आलेला असतो. तशातही तिने खाडा केला नाही. पुढे ती शाळेच्या सहलीला गेली तेव्हा दूध आणायला मी गेले, तर डेअरीवाले दादा म्हणाले, ‘आज तुमची मुलगी नाही आली?’ मी ‘ती आमची पाहुणी आहे’ असं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘सहलीला गेलीये.’ 

हेही लक्षात असू दे, की अशा कार्यक्रमांत यजमान कुटुंबांना सहसा पैसे मिळत नाहीत. घरात एक खोली, टेबलाशी एक खुर्ची त्यांनी आपणहून मोकळी केली आहे. भाडेकरू हवा असता तर त्यांनी खोली भाड्याने दिली असती. त्यांनाही कुणीतरी हवंय, आणि ते येऊन दोन महिने दार लावून बसलंय. तुझ्या होस्ट आईलाही रात्री वाटत असेल, आपलं काय चुकलं?

आता तुझ्या आईशी थोडं बोलते. ताई, तुम्हाला काय होतंय ते मला कळतं. लेक परदेशात उपाशी झोपते हे ऐकून कुठल्या आईला घास जाईल? पण सध्या नाशिक जर्मनीच्या साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही ओटा आवरून, दिवे मालवून रात्री दहाला फोन लावता, तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे घरातले सगळे टेबलाशी बसायच्या वेळेला तिचा फोन वाजतो, ती उठून खोलीत जाते, रडते, आणि रडलेल्या चेहऱ्याने टेबलाशी येऊन ‘डांके’ म्हणते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. मग फरक साडेचार तासांचा होईल, तुमचे दहा म्हणजे त्यांचे साडेपाच. तेव्हा वेळच बदला. आठवड्यातून दोनदा बोला, त्यातला एक फोन रविवारी दुपारी, निवांत, जमल्यास त्या घरातल्या माणसांनाही दोन मिनिटं समोर घेऊन. मधल्या दिवशी तिला फोटो पाठवा, अंगणातली रांगोळी, बाजारातले आकाशकंदील. आणि ‘परत ये’ हे वाक्य काही दिवस तरी बाजूला ठेवा. दार उघडं आहे हे तिला माहीत आहेच. रोज आठवण करून दिली की तिचा एक पाय दारातच राहतो. फराळाचा डबा पाठवणार असाल तर त्यात पेढे, बर्फी, तूप घालू नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे, डबा तिकडच्या कस्टम्समध्ये अडकेल आणि तुमची दोघींची निराशा होईल.

बाळा, आता घर बदलायचं. मागणं हा गुन्हा नाही आणि हरणंही नाही. रोटरीच्या युवा विनिमयात तर वर्षभरात एकाहून जास्त कुटुंबांत राहायची पद्धतच आहे. पण तू लिहिलेल्या पत्रात मला घर बदलण्याचं कारण दिसलं नाही. आधी एकदा नीट बोल. शनिवारी सकाळी, कुणी घाईत नसताना, होस्ट आईला म्हण, ‘मला दहा मिनिटं बोलायचंय.’ डांकेची गंमत सांग, भूक लागते ते सांग, चिठ्ठीने वाईट वाटलं होतं तेही सांग. फोनवर भाषांतर करून लिहून नेलंस तरी चालेल. मग तीन-चार आठवडे जाऊ दे. तरीही तिथे जीव घुसमटत असेल तर कार्यक्रमाच्या स्थानिक संपर्क व्यक्तीला भेट, आणि मनात अपराधी वाटून घेऊ नकोस.

काही गोष्टींत मात्र जुळवून घ्यायचं नसतं, आणि त्यात तीन-चार आठवडे काय, एक रात्रही थांबायचं नाही. कुणी नको तसा स्पर्श केला, बाथरूममध्ये किंवा रात्री खोलीत न विचारता शिरलं, दारू प्यायचा दबाव आणला, पासपोर्ट काढून घेतला, जेवण तोडलं, अंगावर ओरडणं नेहमीचं झालं, किंवा घरकामाला ठेवल्यासारखं राबवून घेतलं, तर त्याच दिवशी संपर्क व्यक्तीला आणि घरी, दोन्हीकडे सांग. ‘त्यांना वाईट वाटेल’ हा विचार तिथे करू नकोस. अगदीच संकट असेल तर ११२ हा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो, फुकट लागतो. पासपोर्ट तुझ्याकडेच असू दे.

परत यायचा निर्णय मी तुला आज घेऊ देणार नाही. सण तोंडावर आहे, दिवस लहान होत चालले आहेत. डिसेंबरात तुझ्याकडे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळेल. आपल्याकडे तेव्हा रामकुंडावर अजून ऊन असतं. अशा काळोखात आठवण दुप्पट होते आणि निर्णय घाईत होतात. शाळा सुटल्यावर उजेड असेपर्यंत बाहेर राहा, पायी चाल, सायकल चालव. नाताळ त्या घरात राहून बघ. मग जानेवारीत मला पुन्हा लिही. तेव्हाही ‘परत येते’ म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने आईशी बोलेन.

आणि दिवाळी. तू दिवाळी तिथेच कर, त्यांच्यासोबत कर. फटाके विसर, तिथे ते वर्षाच्या शेवटच्या दिवसांत विकतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात. पण दिवे लाव. खोल्यांत धुराचे अलार्म असतात, ते कुठे आहेत आणि पणत्या कुठे ठेवू हे आधी विचार. बाहेर पाऊस असेल, तर रांगोळी ट्रेमध्ये काढ. तळणीच्या भानगडीत पडू नकोस. रव्याचे लाडू कर. रवा तिथे साध्या दुकानात ‘ग्रीस’ या नावाने मिळतो. बिनमिठाच्या लोण्याचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट आण आणि मंद आचेवर कढव, साधारण दोनशे ग्रॅम तूप निघेल. रवा भाजताना घाई करू नकोस, वास सुटेपर्यंत हलवत राहा. एकतारी पाकाची भीती वाटत असेल तर पिठीसाखर घाल, लाडू जरा भुसभुशीत होतील, होऊ देत. वळायला धाकट्याला बसव. त्याच्या हातचे वाकडेतिकडे लाडू वेगळ्या ताटलीत ठेव आणि सगळ्यांना आधी तेच दे.

दिवाळीला अजून काही दिवस आहेत. तोवर आज रात्री एक कर. कपाटातला तो चिवडा खाली घेऊन ये, साडेसहाला, ब्रेडच्या टोपलीशेजारी ठेव. कांदा अगदी बारीक चिर, लिंबू काप. नाशिकचा चिवडा त्यांना तिखट लागेल, तेव्हा धाकट्याला चिमूटभरच दे आणि त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास आधी भरून ठेव. संपला तर संपू दे. दुसरा मी तुझ्या आईला सांगून पाठवायला लावते.